हेझलकोटचे पडदे

“आज इथून उजवीकडे वळायचं का?” मी विचारलं.

पुढच्या चौकात तपकिरी पाटी दिसत होती. इंग्लंडात ऐतिहासिक जागांच्या पाट्या तपकिरी असतात आणि त्यांवर पांढरी अक्षरं असतात. या पाटीवर ‘हेझलकोट हॉल’ असं नाव आणि शेजारी बाण होता.

“तिथे फार गर्दी असते,” दिनकर म्हणाले आणि त्यांनी गाडी सरळ घेतली.

रस्त्यावर आमच्या पुढेमागे एकही गाडी नव्हती. कुंपणापलीकडच्या मेंढ्या तेवढ्या मान वर करून आमच्याकडे बघत होत्या. मी मांडीवरचा नकाशा नीट घडी घालून ठेवला आणि बाहेर बघत बसले.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. लेस्टरमधल्या आमच्या घरापासून हेझलकोट हॉल सगळ्यांत जवळ. त्या चौकातून आम्ही जवळजवळ दर शनिवारी जायचो, कुठल्या ना कुठल्या किल्ल्याकडे, पडक्या मठाकडे, जुन्या हवेलीकडे. मी विचारलं की कधी तिथे गर्दी असायची, कधी दुरुस्ती चालू असायची, कधी ‘बघण्यासारखं विशेष काही नाही’ असायचं. ज्या माणसाने मला भर पावसात नुसता पाया उरलेला मठ दाखवायला तास दीड तास गाडी चालवली होती, त्याला हाकेच्या अंतरावरची आख्खी हवेली बघण्यासारखी वाटत नव्हती.

दिनकर आता नाहीत. त्यामुळे हे सांगायला हरकत नाही, असं मला वाटतं.

आमचं लग्न झालं तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. रोह्याला हायस्कुलात भूगोल शिकवत होते. वडील लवकर गेले, आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि तिचं करता करता लग्नाचं वय निघून गेलं त्याचं मला फारसं वाईटही वाटेनासं झालं होतं. आई गेल्यावर वर्षभराने माझ्या वहिनीच्या माहेरच्या ओळखीतून दिनकर कारखानिसांचं स्थळ आलं. ते लेस्टरला मोजे विणायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होते. पन्नाशीला आलेले, उंच, सडसडीत, कमी बोलणारे. पहिली बायको, कुंदा, दोन वर्षांपूर्वी अचानक वारली होती. मूलबाळ नव्हतं. माझ्या भावाच्या घरी ते मला भेटायला आले तेव्हा चहा घेऊन होईपर्यंत चष्माच पुसत बसले होते. मला ते आवडले. शाळेने मला दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली. “बघा जमतंय का,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “नाहीतर तुमचा वर्ग आहेच.”

मी लेस्टरला पोचले त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी त्यांनी मला विचारलं, “बाहेर जाऊ या?” मला वाटलं, बाजारात. त्यांनी मला केनिलवर्थचा किल्ला दाखवला. लाल दगडाचा, अर्धा कोसळलेला, भिंतींच्या रिकाम्या खिडक्यांतून आभाळ दिसत होतं. पुढच्या शनिवारी रशटनची त्रिकोणी कोठी. ती कुणा श्रद्धाळू जमीनदाराने बांधली होती, तीन भिंती, तीन मजले, सगळं तीनच्या हिशेबात. त्यानंतर कर्बी हॉल. त्याच्या बऱ्याचशा भागाला छप्परच नाही आणि अंगणातून मोर फिरतात. इंग्लंडात मोर बघून मला हसू आलं, आणि दिनकरही हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग तो नेमच झाला. शुक्रवारी रात्री मी पोळ्या आणि वांग्याचे काप करून ठेवायची, सकाळी थर्मासमध्ये चहा भरायची. या जागा सांभाळणाऱ्या संस्थेचं वर्षभराचं सभासदत्व घेतलेलं होतं. दारात कार्ड दाखवायचं आणि आत जायचं. दिनकर पाठीमागे हात बांधून प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मला मराठीत समजावून सांगायचे. कुठला राजा, कुठली लढाई, कुणाचं डोकं का उडवलं. मी शिक्षिका, मलाही हे सगळं आवडायचं. कुठलाही कोपरा ते सोडायचे नाहीत. “वर जाऊ या,” म्हणायचे, “तळघर राहिलं,” म्हणायचे. माझे पाय दुखले तरी मी नको म्हणायची नाही. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी असं काही असायचं, की नको म्हणणं जिवावर यायचं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. चित्रं, तलवारी, चांदीची भांडी यांच्यापुढे ते रेंगाळायचे नाहीत. पण जिथे जुनं कापड असेल, पडदा, पलंगपोस, खुर्चीवरचं भरतकाम, तिथे वाकून वाकून बघायचे. खोलीत बसलेल्या रखवालदार बाईंना विचारायचे, “हे मूळचंच आहे का? कुणी दुरुस्त केलं?” मला वाटायचं, मोज्यांच्या यंत्रांत जन्म गेलेला माणूस, धागा दिसला की थांबणारच.

असं करता करता दोन वर्षं होत आली. रोह्याहून वहिनीचा फोन यायचा. मी तिला किल्ल्यांची, हवेल्यांची वर्णनं सांगायची. ऐकून झालं की ती विचारायची, “आणि दिनकरराव कसे आहेत?” मी म्हणायची, “चांगले आहेत.” आणि मग मला पुढे काय सांगावं ते सुचायचं नाही. ते चांगले होते यात शंका नव्हती. माझ्यासाठी दार उघडून धरायचे, सर्दी झाली तर काढा करून द्यायचे, कधी आवाज चढवला नाही. पण पाहुणीला गाव दाखवणाऱ्या सज्जन माणसासारखे ते माझ्याशी वागत होते. कुंदाचा फोटो बैठकीच्या खोलीत होता. तिचं शिवणयंत्र मागच्या खोलीत चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं. तिचं नाव मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मराठी मंडळातल्या बायका तिच्याबद्दल चांगलं बोलायच्या आणि माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या.

डिसेंबरात माझी रजा संपत होती. राजीनामा द्यायचा की परत जायचं, हे मला ठरवायचं होतं. दिनकरांना ते माहीत होतं. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. मीही विषय काढला नाही, पण रात्री झोप लागेपर्यंत तोच विचार असायचा.

त्या चौकातून सरळ गेलो त्याच्या पुढच्या शनिवारची ही गोष्ट. ऑक्टोबरचा शेवट होता. हिवाळ्यात या हवेल्या बंद ठेवतात, म्हणजे वर्षातला तो जवळजवळ शेवटचाच शनिवार. सकाळी डबा भरताना मी सांगून टाकलं, आज दुसरीकडे कुठेही जायचं नाही, आज हेझलकोट बघायचं. मी हट्ट करणारी बाई नाही. त्यामुळे दिनकर जरा वेळ माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

“तुला बघायचंच आहे?”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले.

या वेळी तपकिरी पाटीपाशी गाडी उजवीकडे वळली. दोन्ही बाजूंना उंच झाडं, पिवळ्या पानांचा खच, आणि टोकाला राखाडी दगडाची रुंद हवेली. गाड्या लावायच्या मैदानात पुष्कळ जागा रिकामी होती. कुठेही लावता आली असती. दिनकरांनी मात्र इकडेतिकडे न बघता गाडी थेट लांबच्या कोपऱ्यात, बीच जातीच्या एका मोठ्या झाडाखाली नेऊन उभी केली. इथे पूर्वी येऊन गेलेला माणूसच असं करतो, हे माझ्या लक्षात आलं.

मी उतरले. ते उतरले नाहीत.

“तू जाऊन ये,” ते म्हणाले. “मी बसतो.”

“बरं वाटत नाही का?”

“तसं नाही. तू ये बघून सगळं.”

त्यांनी मागच्या सीटवरचं वर्तमानपत्र घेतलं आणि उघडलं. दोन वर्षांत मी एकही जागा एकटीने पाहिली नव्हती. मला राग आला. आपण हट्ट केला म्हणून ही शिक्षा, असं वाटलं. मी कोटाची बटणं लावली आणि चालू पडले.

हवेली खरोखरच सुंदर होती. पण पाट्या समजावून सांगणारं कुणी शेजारी नव्हतं आणि मला काही वाचावंसं वाटेना. दिवाणखाना, जेवणघर, ग्रंथालय, सगळं मी नुसतं चालत पार केलं. वरच्या मजल्यावर एका अंधाऱ्या खोलीत एक अवाढव्य पलंग होता. चारी बाजूंनी गडद हिरव्या रेशमाचे पडदे, त्यांवर वेलबुट्टी. उन्हाने रंग उडू नये म्हणून खिडक्या झाकलेल्या होत्या. दाराशी खुर्चीवर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. पांढरे केस, निळा कार्डिगन, छातीवर ‘मिसेस हॅलम’ अशी पट्टी. बोटांचे सांधे सुजलेले होते.

दिनकर बरोबर असते तर त्यांनी जे विचारलं असतं तेच सवयीने माझ्या तोंडून गेलं. हे पडदे मूळचेच आहेत का?

मिसेस हॅलम खूश झाल्या. उठून माझ्याजवळ आल्या आणि सांगू लागल्या. पडदे तीनशे वर्षांपूर्वीचे, पण इतके जीर्ण झाले होते की हात लावला तर चुरा व्हायचा. मग आसपासच्या काही बायका एकत्र आल्या. वर माळ्यावर एक खोली आहे, तिथे दर शनिवारी बसून त्यांनी हे काम केलं. जुन्या रेशमाखाली त्याच रंगाचं नवं कापड ठेवायचं आणि केसासारख्या बारीक धाग्याने जुनं रेशीम त्यावर टाचायचं. पगार नाही, काही नाही, हौस म्हणून. कित्येक वर्षं लागली. त्या स्वतःही त्यांच्यात होत्या, पण आता बोटं चालत नाहीत म्हणून इथे खुर्चीवर.

“आमच्यातली सगळ्यांत चांगली शिवणारी तुमच्याच देशाची होती,” त्या म्हणाल्या. “कुंदा. कुंदा कारखानीस.”

मी पलंगाचा खांब धरला. तिथे कशालाही हात लावायची मनाई असते. तरी त्यांनी मला अडवलं नाही.

“माझंही आडनाव कारखानीस आहे,” मी म्हणाले.

“बहीण का तुम्ही तिची?”

मी सरळ सांगितलं, की तिच्या नवऱ्याशी माझं लग्न झालं आहे. मिसेस हॅलम क्षणभर गोंधळल्या. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

“ते आलेत?”

“आलेत. बाहेर आहेत, गाडीत.”

त्यांनी मान खाली घातली.

“अजूनही गाडीतच,” त्या हलकेच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी उभ्याउभ्याच ऐकलं. कुंदाला गाडी चालवता येत नव्हती. दर शनिवारी नवरा तिला सोडायला यायचा आणि तिचं काम होईपर्यंत त्या झाडाखाली बसून राहायचा. थंडी असो, पाऊस असो. बाकीच्या बायका म्हणायच्या, त्यांना वर बोलाव, कॉफी तरी घेऊ दे. कुंदा म्हणायची, त्यांना तिथेच बरं वाटतं. इतक्या वर्षांत त्यांच्यापैकी कुणीही त्याला जवळून पाहिलं नव्हतं. माळ्याच्या खिडकीतून गाडीचं छप्पर तेवढं दिसायचं.

त्यांनी खिशातून लहानशी बॅटरी काढली आणि पायथ्याकडच्या पडद्याचा एक मोठा भाग दाखवला. इथून इथपर्यंत सगळं कुंदाचं. मी खूप निरखून पाहिलं. मला रेशीम दिसलं, वेल दिसली, पानं दिसली.

“टाके कुठे आहेत?”

“दिसत नाहीत ना?” मिसेस हॅलम म्हणाल्या. “दिसले तर काम फसलं.”

मी त्यांचे आभार मानले आणि बाहेर पडले.

झाडांच्या रांगेतून चालताना मला काय वाटत होतं ते आजही लख्ख आठवतं. मला कुंदाचा राग नव्हता. पण दोन वर्षं, दर शनिवारी, मी दुसऱ्या बाईच्या जागी हिंडत होते आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं. ते वाकून वाकून बघणं, ‘कुणी दुरुस्त केलं’ विचारणं, ‘वर जाऊ या’, ‘तळघर राहिलं’, त्यातलं काहीच माझ्यासाठी नव्हतं. डिसेंबरात रोह्याला परत जावं, शाळेतल्या मुली वाट बघत असतील, वर्गाच्या भिंतीवर नकाशे लावावेत. हा विचार त्या रस्त्यावर पहिल्यांदा अगदी पक्का झाला. मनातल्या मनात मी सामानसुद्धा बांधलं.

मैदानाच्या कडेला आले तेव्हा दिनकर मला दिसले. मी येतेय हे त्यांना दिसलं नव्हतं. वर्तमानपत्र स्टिअरिंगवर तसंच उघडं होतं. ते काच खाली करून, मान वर करून हवेलीकडे बघत होते. मी वळून पाहिलं. त्या कोपऱ्यातून, फांद्यांच्या मधून, माळ्याची एक लहान खिडकी दिसत होती. मैदानातल्या दुसऱ्या कुठल्याही जागेवरून ती दिसली नसती.

मी गाडीत जाऊन बसले.

“मिसेस हॅलम भेटल्या,” मी म्हणाले.

त्यांनी सावकाश वर्तमानपत्राची घडी केली.

“अजून येतात त्या?”

“बोटं आखडलीत त्यांची. आता खोलीत बसतात.”

मग ते आपणहून बोलायला लागले, समोरच्या काचेकडे बघत. एवढं एका वेळी बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, सुरुवातीला कुंदा दर वेळी म्हणायची, वर चल, बघ तरी आम्ही काय करतो. त्यांना कंटाळा यायचा. आठवडाभर कारखान्यात सूत आणि सुया, आणि शनिवारी पुन्हा कापड. तेही कुठल्या जमीनदाराच्या पलंगाचे पडदे. ते तिला चिडवायचे, आधी आपल्या घरचे पडदे शिव म्हणून. तीही हसायची. पुढे तिने विचारायचं सोडलं. काम संपलं की खिडकीतून हात हलवायची, मग ते गाडी दाराशी न्यायचे.

शेवटच्या शनिवारी मात्र ती मध्येच खाली आली होती. अंगावर कोट नाही, पाऊस पडत होता. काच ठोठावून म्हणाली, पूर्ण झालं, आज पडदे पलंगावर चढवलेत, दोन मिनिटं चल.

“मी म्हटलं, पुढच्या शनिवारी बघू. आत्ता बूट भिजतील.”

त्यानंतरच्या बुधवारी ती स्वयंपाकघरात पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शुद्धीवर आलीच नाही.

हे सगळं त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. माझ्या मनात मघाचा प्रश्न होता, आणि तो गिळून टाकला तर तो कायमचा राहील हे मला कळत होतं.

“म्हणून मला सगळीकडे नेलंत?”

“हो,” ते म्हणाले. खोटं बोलले असते तर मला कळलं असतं. “म्हटलं, या वेळी तरी गाडीत बसून राहायचं नाही. तू जिथे जाशील तिथे बरोबर जायचं. सगळं बघायचं, काही सोडायचं नाही.”

“आणि नंतर?”

“नंतरचं मला नीट सांगता येणार नाही.” ते थांबले. “सोमवारपासून शनिवारची वाट बघायला लागलो. तू मोर बघून हसलीस ना, तेव्हापासून.”

बाहेर वाऱ्याने पानं गाडीच्या टपावर पडत होती.

“चल, तू बरोबर असशील तर जाईन मी आत,” ते म्हणाले. “आज जाईन.”

त्यांनी दाराच्या कडीला हात घातला. मी जागची हलले नाही. काय करायचं ते मी ठरवून ठेवलेलं नव्हतं, पण त्या घटकेला दुसरं काही करणं मला शक्य नव्हतं.

“तुम्ही जा,” मी म्हणाले. “मी इथे बसते.”

“एकटा?”

“बोलावणं तुम्हाला होतं. मला नव्हतं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उतरले. कोटाची कॉलर वर केली. थोडं चालून गेल्यावर थांबले, आणि मला वाटलं आता परत येतील. पण तसेच पुढे गेले. दारात त्यांनी खिशातून कार्ड काढून दाखवलेलं मला लांबून दिसलं. मग दिसेनासे झाले.

मी बसून राहिले. वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. एखाद्या माणसाची वाट बघत नुसतं बसणं ही काय गोष्ट असते, ते मला त्या दिवशी कळलं. मला भीती वाटत होती. ते आत जाऊन कुंदाचे होऊन परत येतील, आणि मग मी कोण? पाठवलं ते चुकलं की काय, असंही दोनचारदा वाटलं. मैदान हळूहळू रिकामं होत होतं. लहान मुलं घेऊन आलेली एक बाई आपली गाडी सुरू करून गेली, एक म्हातारं जोडपं गेलं. उजेड पिवळा झाला. हवेली बंद व्हायची घंटा कुणीतरी वाजवली, तरी दिनकर आले नाहीत.

शेवटी ते आले तेव्हा मिसेस हॅलम त्यांना पायऱ्यांपर्यंत सोडायला आल्या होत्या. दोघांनी हस्तांदोलन केलं. दिनकर नेहमीसारखे पाठीमागे हात बांधून चालत आले, गाडीत बसले, पण किल्ली फिरवली नाही.

“बघितलंत?” मी विचारलं.

“नाही दिसलं,” ते म्हणाले.

मला कळलं नाही.

“त्यांनी बॅटरी धरली, बोट ठेवून दाखवलं. इथून इथपर्यंत कुंदाचं. मी चष्मा घालून बघितलं, काढून बघितलं. गुडघ्यावर बसून बघितलं.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “जन्मभर धागे बघत आलो, हेमा. मला तिचा एकही टाका सापडला नाही.”

आणि मग ते रडले. स्टिअरिंगवर कपाळ टेकवून, आवाज न करता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही. पुष्कळ वेळाने त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. मी थर्मासमधून चहा ओतला. तो कोमट झाला होता. आम्ही दोघांनी तो प्यायला, वांग्याचे काप खाल्ले, आणि अंधार पडायच्या आत घरी आलो.

शाळेला राजीनामा मी त्याच आठवड्यात पाठवला. दिनकरांना नुसतं सांगितलं, की पाठवला. ते “बरं” म्हणाले आणि संध्याकाळी कधी नव्हे ते फुलं घेऊन आले. ती कशात ठेवायची हे दोघांनाही माहीत नव्हतं, शेवटी दुधाच्या जगमध्ये ठेवली. पुढे आम्ही बरीच वर्षं हिंडलो. स्कॉटलंडपर्यंत गेलो. पाय दुखले की मी सरळ सांगायची, आणि मग तळघर राहायचं ते राहायचं.

पण मला जास्त आठवतो तो लगेच पुढचा शनिवार. सकाळी ते नकाशा घेऊन आले आणि पहिल्यांदाच विचारलं, “तुला कुठे जायचंय?”

“कुठेच नाही,” मी म्हणाले. “आज घरी बसू.”

आम्ही घरी बसलो. रोह्याहून आणलेले सुक्या कोळंबीचे सोडे मी इतके दिवस डब्यात घट्ट बंद करून ठेवले होते, शेजाऱ्यांना वास जाईल म्हणून. त्या दिवशी काढले आणि सोड्याची खिचडी टाकली. दिनकर स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाशी कांदा चिरत बसले. मी त्यांना म्हटलं, कुंदाबद्दल सांगा. आधी ते चाचरले. मग सांगत गेले. ती पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली गेली की भांडायची. कुत्र्यांना भयंकर घाबरायची. सुरुवातीची काही वर्षं तिने रोज परत जायचं म्हणून डोकं खाल्लं आणि पुढे मुंबईला गेली की चार दिवसांत लेस्टर लेस्टर करायची. गाणं अजिबात येत नव्हतं, पण शिवताना गायची. मी ऐकत होते, खिचडी हलवत होते. तोपर्यंत कुंदा म्हणजे बैठकीतला एक फोटो होता. त्या दिवशी ती घरात वावरलेली बाई झाली, आणि नवल म्हणजे त्यामुळे मला घर माझं वाटायला लागलं.

“तुम्हाला काय हाक मारायची ती?” मी विचारलं.

ते जरा लाजले.

“दिनू. चारचौघांतसुद्धा.”

मी ताटं घेतली. खिचडीवर खोबरं घातलं, त्यांच्या ताटात लिंबाची फोड ठेवली.

“मला नाही हं ते जमायचं,” मी म्हणाले.

“नकोच,” ते म्हणाले. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मग माझ्याकडे बघून हसले. “तू मला ‘अहो’ म्हण. तसं मला आजवर दुसरं कुणी म्हटलेलं नाही.”